थंड फायली

३ मार्च, मंगळवार

जिभेला अजून डिंकाची चव आहे. आज एकशे चाळीस पाकिटं चिकटवली. ओला स्पंज मागितला तर साहेब म्हणाले, देवाने जीभ कशाला दिली आहे? चहा प्यायलो, गुळण्या केल्या, ताईने दिलेली लवंग चघळली – जात नाही.

पाकिटात काय होतं ते इथे तरी खरं लिहितो. आमचं ऑफिस कर्ज देत नाही. दुसऱ्यांनी दिलेली आणि बुडाली म्हणून सोडून दिलेली जुनी कर्जं रद्दीच्या भावात विकत घेतं आणि वसूल करतं. त्यातली बरीचशी इतकी जुनी, की कोर्टात जायची मुदत केव्हाच उलटून गेलेली. त्यांना आमच्याकडे 'थंड फायली' म्हणतात. थंड फाईलवाल्याला घाबरवण्यापलीकडे काही करता येत नाही. घाबरवायचं काम माझं. फोनवर नाही – फोनवर मला घाम फुटतो. कागदावर. 'न्यायालयपूर्व अंतिम सूचना.' त्यातलं 'न्यायालय' तेवढं जाड अक्षरात. वर तांबडा गोल शिक्का, लांबून सरकारी वाटेल असा. जवळून पाहिलं तर आत फक्त आमच्या ऑफिसचा पत्ता आहे. जवळून कोणी पाहत नाही.

मी दहावीच्या पुढे गेलो नाही. पण माझ्या पत्रात एक चूक काढून दाखवा! साहेब नवीन माणसांना माझी पत्रं नमुना म्हणून दाखवतात. मला बरं वाटतं. हेही खरं तेच लिहितो.

४ मार्च, बुधवार

हात चार वेळा धुतले. काम कागदाचं, मग मळतंय काय?

६ मार्च, शुक्रवार

फोनवालीने आज फायलीला 'ऊब' कशी देतात ते सांगितलं. आम्ही तिला मावशी म्हणतो. वय जेमतेम तीस, पण फोन उचलला की ती जगाची मावशी होते. 'असं कसं गं, जेवलीस का आधी?' – इथपासून सुरुवात. मग हळूच, सगळे नको, पाचशे भर, नुसती सदिच्छा म्हणून. आणि येऊन एका कागदावर सही कर.

पाचशे कोणाला हवेत! खरी गोम त्या कागदात आहे. पुढे मोठ्या अक्षरात 'सदिच्छा पावती'. मागे मुंगीएवढ्या अक्षरात: बाकी सर्व रक्कम व्याजासह फेडण्याचे मी वचन देत आहे. एवढ्यावर सही झाली, की मेलेलं कर्ज उठून बसतं. मग कोर्ट उघडं, जप्ती उघडी.

हा कागद दीड वर्ष मीच छापतोय. मागची बाजू शंभरदा तपासली असेल – चुका आहेत का म्हणून. ती काय म्हणते आहे हे आज पहिल्यांदा वाचलं.

साहेब दात कोरत म्हणाले, आपण कायद्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही. त्यांना कायदा पाठ आहे. ते कोरून झाल्यावर काडीकडे बघतात, मग ती परत खिशात ठेवतात.

९ मार्च, सोमवार

एक निवृत्त नर्सबाई आल्या. इस्त्री मोडू नये अशा बसल्या, खुर्चीच्या कडेवर. माझी सहाही पत्रं तारखेप्रमाणे लावून प्लास्टिकच्या पिशवीत आणली होती. नवऱ्याने झेरॉक्सच्या दुकानासाठी कर्ज घेतलं होतं. शेवटचा हप्ता आठ वर्षांपूर्वीचा. नवरा गेला, दुकान गेलं, यंत्र भंगारात गेलं. बाईंची त्या कर्जावर सहीच नाही! राहतात ती खोली त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली. म्हणजे त्या आम्हाला एक पैसा देणं लागत नाहीत.

हे साहेबांना माहीत. मला माहीत. मावशीला माहीत. बाईंना सोडून खोलीतल्या सगळ्यांना माहीत.

त्यांनी विचारलं, ही पत्रं कोण लिहितं? साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी उभा राहिलो, शाळेत राहतात तसा.

"इतक्या मानाने मला माझ्या मुलानेसुद्धा कधी लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. "असं लिहिणारी माणसं खोटं कशाला सांगतील? ह्यांचं नाव कोर्टात नको निघायला. मी वीस तारखेला पेन्शन घेऊन येते."

साहेबांनी त्यांना दारापर्यंत सोडलं. परत येऊन म्हणाले, खोली चांगल्या ठिकाणी आहे.

१० मार्च, मंगळवार

ताईला सांगितलं. ती म्हणाली, तू टाइप करणारा, तुझ्या डोक्याला कशाला ताप? भावोजी म्हणाले, साळसूदपणा महिनाअखेरीला दाखव, घरभाड्याच्या दिवशी. मग दोघंही वरमली आणि भावोजींनी मला त्यांच्यातलं अर्धं केळं दिलं. मी खाल्लं. चिडलो असताना खाऊ नये, गिळताना आवाज होतो.

१२ मार्च, गुरुवार

पत्र लिहिलं. नर्सबाईंना. साध्या वहीच्या कागदावर, डाव्या हाताने, कोणी ओळखू नये म्हणून. सात वेळा. अक्षर असं, की कोंबडीचे पाय शाईत बुडवून सोडलेत.

लिहिलं की, नवऱ्याचं कर्ज तुमच्यावर येत नाही. त्याचीही मुदत संपली आहे. कोर्टाची भीती खोटी आहे. पाचशे नाही, पाच रुपयेही देऊ नका, आणि मेलात तरी कशावरही सही करू नका. फोन आला तर म्हणा, जे काय ते लेखी द्या, आणि कर्जाचे मूळ कागद दाखवा. फारच त्रास दिला तर ग्राहक तक्रार केंद्रात जा, तिथे फी नाही. 'मेलात तरी' खोडलं. खोडल्यावर आणखीच वाईट दिसलं. तसंच ठेवलं.

खाली नाव लिहिलं नाही. तीन गल्ल्या पलीकडच्या पेटीत टाकलं. येताना दोनदा मागे वळून पाहिलं. चोर पत्र टाकायला जातात का?

१३ मार्च, शुक्रवार

मिळालं असेल. छान झोप लागली.

१७ मार्च, मंगळवार

नर्सबाई आज आल्या. तीन दिवस आधीच. रागाने कान लाल झालेले. पिशवीतून माझा कागद काढला – दोन बोटांत धरून, जखमेवरची घाण पट्टी धरावी तसा – आणि साहेबांच्या टेबलावर टाकला.

"कोणीतरी लुच्चा मला लबाडी शिकवतोय. ना नाव, ना पत्ता. चांगल्या माणसाला नाव सांगायला काय धाड भरते?"

साहेबांनी कागद मला दिला. वाच म्हणाले, मोठ्याने. मी वाचला. माझं वाक्य न् वाक्य, अडखळत, कारण ते अक्षर मलाच लागेना. मावशीने फोन खाली ठेवला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

साहेब म्हणाले, बघा बाई, कसलं जग आहे. आणि सदिच्छा पावती पुढे केली. त्यांनी ती उलटायला घेतली – नर्स होत्या, औषधाची चिठ्ठी दोन्हीकडून बघायची सवय असणार. साहेब म्हणाले, मागे नेहमीचेच नियम. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. 'हो' म्हणालो नाही. फक्त मान हलवली. मग पेनचं टोपण काढून दिलं आणि सांगितलं, इथे, आई.

'आई' म्हणालो! कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं.

त्यांच्या सहीखाली मी माझी केली. आमच्याकडे हाच रिवाज आहे: मी रिकामा असतो, म्हणून प्रत्येक पावतीवर साक्षीदार मी. सहीच्या वर छापलेलं आहे – 'दोन्ही बाजू वाचून दाखवल्या व समजावून सांगितल्या.' वाचून कधीच कोणाला दाखवत नाही. त्यात वेळ जातो.

घरी येऊन ओकलो. ताईला वाटलं बाहेरचं काही खाल्लं.

१८ मार्च, बुधवार

सगळ्या कर्जदारांना नवीन पत्र: 'निनावी पत्रांपासून सावध राहावे.' मी टाइप केलं. सुबक झालं.

संध्याकाळी साहेब माझ्या टेबलावर येऊन टेकले. तो वहीचा कागद त्यांच्या हातात होता. म्हणाले, "लिहिणाऱ्याने कायदा बरोब्बर लिहिलाय. फक्त सही करायची छाती नाही. असल्या माणसांवरच आपलं दुकान चालतं, बाळा." माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड, कोमट हात. पाचशेची नोट टेबलावर ठेवून गेले – नर्सबाईंचीच असेल.

शर्ट भिजत घातला आहे.

१९ मार्च, गुरुवार

सुट्टी टाकून तक्रार केंद्रात गेलो. एका मित्राच्या वतीने विचारतोय असं सांगितलं. टेबलामागच्या मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, मित्राला सांगा, सही झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. कागद न वाचू देता, फसवून सही घेतली असेल तर तो रद्द होऊ शकतो. पण सिद्ध करावं लागेल. त्यावर साक्षीदार कोण आहे?

मी म्हणालो, आहे एक.

"त्याने लिहून दिलं पाहिजे की वाचून दाखवलं नव्हतं. म्हणजे त्याचीच सही खोटी ठरते. तो कशाला देईल?" मग त्यांनी मला पाणी दिलं.

घरी येऊन हिशेब मांडला. दीड वर्षात अशा सह्या दोनशे बारा. प्रत्येक पावतीवर आधी कर्जदाराचं नाव, खाली माझं.

२२ मार्च, रविवार

नर्सबाईंकडे गेलो. खोली लहान, पण कप बशीवर उपडे, टॉवेलची घडी काटकोनात. बस म्हणाल्या. मी उभ्यानेच सांगितलं. ते घाणेरडं पत्र माझं. ती छान पत्रंही माझी. मागच्या बाजूला काय लिहिलंय ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. मान का हलवली ते सांगता आलं नाही. तुम्ही तक्रार द्या, साक्ष मी देतो, एवढं म्हणालो.

त्यांनी एक उपडा कप सुलटा केला, परत उपडा ठेवला. मग शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा तू मला आई म्हणालास."

मी बाहेर पडलो. दार त्यांनी आदळलं नाही, अलगद लावलं. आदळलं असतं तर मी जिन्यात इतका वेळ बसलो नसतो.

ताईला सांगितलं की नोकरी जाणार, कदाचित पोलीसही येतील. तिने धुतलेले कपडे पुन्हा धुतले.

२४ मार्च, मंगळवार

केंद्रात अकराला गेलो, माझा जबाब घेऊन. नर्सबाई माझ्या आधीच बाकावर बसलेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. मॅडमनी फॉर्म दिला. 'तक्रार कोणाविरुद्ध' – त्यांनी ऑफिसचं नाव लिहिलं, साहेबांचं लिहिलं, मग पेन थांबलं. पहिल्यांदाच माझ्याकडे वळून विचारलं, तुझं पूर्ण नाव काय?

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट.

मग त्यांनी फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला, माझा जबाबही वाचला. पाऊण तास लागला. आम्ही सगळे थांबलो.