दादाच्या गाडीची धडधड

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. भाचीचे पुढचे दात पडल्याचं वाचून आई हसली. आम्ही सगळे ठीक. थंडी हटायला तयार नाही, माझं डोकं अधूनमधून दुखतं, बाकी विशेष काही नाही.

दादाच्या गाडीचं तू विचारलं होतंस. तो आजारपणात गेला तेव्हापासून बाबा ती रोज सकाळी गॅरेजचं दार लावून चालू करतात. दार बंद, कारण शेजारी आवाजावरून कटकट करतात. "त्यानं एवढा जीव लावला तिला, उभी राहून गंजायला नको," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण हल्ली ती फार धडधडायची. जागच्या जागी अंग झटकायची, मधेच एक ठोका गिळायची. बाबा म्हणाले, "दिवसभर लोकांची इंजिनं दुरुस्त करतेस, घरचं कधी बघणार?"

मग बघितलं. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढत गेले. वायर काढली की आवाज बदलायला हवा. तिसरीला काहीच फरक नाही, म्हणजे तो सिलिंडर मेलेलाच. प्लग काजळीनं काळा ठिक्कर. चोक अडकून बसला होता, त्यामुळे पेट्रोल जास्त, हवा कमी, नुसता धूर. आणि तो भिंतीतून गॅरेजबाहेर नेणाऱ्या पाइपाच्या जोडावरचं गॅसकेटच फाटलेलं. सगळा धूर बंद गॅरेजात, आणि तिथून तक्तपोशीच्या फटींतून वर, आईच्या खोलीत.

ताई, हे तुला कधी लिहिलं नव्हतं. आईला दादा दिसायचा. खाली इंजिन सुरू झालं की थोड्या वेळानं खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायचा म्हणे. "आज दाढी केली होती त्यानं," असं ती चहा पिता पिता सांगायची. इंजिन तसंच चालू ठेवून बाबाही तिच्याशेजारी जाऊन बसायचे. मला वाटायचं, वयाचं असेल.

मी चोक सोडवला, प्लग आणि गॅसकेट बदललं. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. दोघांना समोर बसवून सांगितलं, हा धूर विषारी असतो, त्यानं भास होतात, बसल्या जागी माणूस जातो. बाबा मान डोलावत राहिले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तो आता येणार नाही?"

नाही आला. आई त्या खुर्चीकडे बघत बसायची. जेवण सुटलं. एकदा माझा हात धरून म्हणाली, "पोरी, होती तशी करून दे ना गाडी. थोडीशीच."

परवा सकाळी कामावर निघाले आणि खालून तीच जुनी धडधड ऐकू आली. गॅरेजचं दार बंद. मी धावत वर गेले. दोघं शेजारी शेजारी बसलेली, चेहरे शांत, बाबांचे हात ग्रीसनं माखलेले. त्यांनीच चोक पुन्हा अडकवला होता, जुना प्लग बसवला होता, जोड ढिला केला होता. मी खिडकीची कडी धरली.

खुर्ची रिकामी नव्हती, ताई. मान खाली घालून तो फडक्यानं बोटं पुसत होता, अगदी त्याच्या सवयीनं. मग त्यानं वर बघितलं. मला खोलीत येऊन क्षणही झाला नव्हता. इतक्या लवकर भास होतो का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही.

"बस ना तूही," बाबा म्हणाले.

मी बसले.

आईचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं, तेव्हा भानावर आले. कोपरानं काच फोडली, दोघांना ओढत जिन्यात आणलं. आता दोघंही बरी आहेत. आई माझ्याशी बोलत नाही.

सोबतच्या डबीत इंजिनाचा एक लहानसा भाग आहे, त्याला रोटर म्हणतात. तो नसला की प्लगला ठिणगी पोचत नाही, गाडी चालू होत नाही. इतक्या जुन्या गाडीचा दुसरा आता मिळणार नाही. तुझ्याकडे ठेव. बाबा फोन करतील, आई रडेल, तरी देऊ नकोस.

आणि ताई, मी मागितला तरी देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी