हद्दूची कोरडी विहीर

प्रिय तुदावन्सं,

दगड आकाशातलाच निघाला! हे आधी लिहिते, म्हणजे नात वाचून दाखवत असताना तुम्ही मध्येच उठून चुलीकडे जाणार नाही.

मागच्या हिवाळ्यात मी विहिरीपाशी दगड वेचत होते. कशासाठी, ते पुढे सांगते. त्यातला एक मुठीएवढाच होता, पण उचलताना मनगट खाली गेलं. वरून काळा, चकचकीत, भाजल्यासारखा. ह्यांनी, म्हणजे तुमच्या भावांनी, विहीर खणताना बाजारातून आणलेलं खडकांचं पुस्तक घरात आहे. मशिदीच्या वर्गात अक्षरं शिकले आणि ते गेल्यावर तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत राहिले. दुसरं काही वाचावंसं वाटेना. त्यात अशा काळ्या सालीबद्दल वाचलं होतं.

आकाशातले दगड विकत घेणाऱ्या लाहबीबकडे तो नेला. त्यानं लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. म्हणाला, “वहिनी, हा चुलीला लाव. तीन दगडांतला एक तरी आकाशाचा म्हणायला होईल!” दुकानातले सगळे हसले. पण तिथं विद्यापीठातल्या नुझाबाई चहा पीत होत्या. त्यांनी दगड उन्हात फिरवून पाहिला आणि एक तुकडा कापून घेऊन गेल्या.

उन्हाळा सरताना त्या स्वतः लाहबीबच्या दुकानात आल्या, मलाही बोलावलं. कागदासारखी पातळ चकती घासून भिंगाखाली ठेवली होती, म्हणाल्या. आत हिरवे स्फटिक, आणि लोखंड जवळजवळ नाहीच, म्हणून चुंबक धरेना. या जातीला अँग्राइट म्हणतात. जगात फार थोडे सापडलेत. पृथ्वी पुरती घडायच्या आधी कुठल्याशा ज्वालामुखीतून थिजलेला खडक! लाहबीबनं स्वतःच माझ्या पेल्यात चहा ओतला.

आता नाव ठरायचं होतं. जागा ठाऊक नसली तर दगडाला नुसता आकडा मिळतो. आपल्या वाळवंटातले असे कितीतरी दगड आकडे होऊन पडलेत, कारण जागा कुणी सांगत नाही. लाहबीब ओरडला, “सांगू नकोस! उद्या सगळं गाव चाळण्या घेऊन तिथं जाईल!” मी म्हटलं, “जाऊ दे. निदान ह्यांच्या विहिरीवर माणसं तरी येतील.” मी नुझाबाईंना तुमच्या भावांचं, ‘हद्दू’ असं नाव द्या म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. “माणसाचं नाव चालत नाही, इत्तोबाई. जागेचं लागतं, आणि तेही लोकांच्या तोंडात असलेलं.”

त्यांना तिथं घेऊन गेले. विहिरीजवळच वाळूत त्याच दगडाची एक काळी कपची सापडली, म्हणजे जागा पक्की झाली. नकाशावर तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात म्हातारा औबाना उंट घेऊन आला. नुझाबाईंनी विचारलं, “बाबा, या जागेला काय म्हणता?” त्यानं बोळकं उघडून हसत सांगितलं, “हद्दूची विहीर! तहानेनं मरायचं असेल त्यानं इथं यावं!” हा टोमणा ऐकला की मी मान खाली घालून निघून जायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी म्हटलं, “औबानाकाका, पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं. बाई लिहून घेतायत.”

काल नुझाबाईंचा फोन आला. नावं ठरवणाऱ्या मंडळींनी मान्य केलं. वन्सं, जगभरच्या दगडांच्या यादीत आता आपला दगड आहे, आणि त्याचं नाव आहे हद्दूची विहीर.

ह्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, “इत्तो, ती विहीर बुजवून टाक, माझ्या भावाचं हसं होतंय.” तुमचे डोळे रडून सुजले होते. मी हो म्हटलं होतं. हिवाळ्यात दगड वेचत होते ते त्यासाठीच. तुम्ही सांगितलं नसतं तर तो दगड माझ्या हातात आला नसता. पण शब्द मोडतेय, आणि हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. विहीर बुजवणार नाही. शेळ्या पडू नयेत म्हणून तोंडावर फळी टाकलीय, एवढंच. खजूर उतरले की या. दोघी तिथं बसून चहा करू. पाणी मात्र घरून न्यावं लागेल.

तुमचीच,
इत्तो