खाट क्रमांक अकराची तक्रार रद्द करण्याबाबत

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय (प्रसूती विभाग)

विषय : प्रसूती कक्षातील सिस्टरांविरुद्ध मी केलेली तक्रार खोटी असल्याने ती रद्द करून त्यांना पूर्ववत त्याच कक्षात घेण्याबाबत.

संदर्भ : माझाच तक्रार अर्ज, गेल्या महिन्याच्या चार तारखेचा.

माननीय डॉक्टरसाहेब,

संदर्भातील अर्ज आपण वाचला असणारच, कारण त्यावर आठवड्याच्या आत कारवाई केलीत. मी एका कार्यालयात बारा वर्षे आवक-जावक टेबलावर आहे. अर्ज कसा लिहिला की साहेब हलतात, हे मला पक्के ठाऊक आहे. त्या अर्जात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आमचे हेडक्लार्क तर तो नमुना म्हणून नव्या लोकांना दाखवतात. मजकूर तेवढा खोटा होता.

१. मी लिहिले होते की, उक्त सिस्टरांनी माझे नवजात बाळ दुपारी पावणेतीन ते सायंकाळी साडेसात या वेळेत वारंवार मागणी करूनही माझ्या ताब्यात दिले नाही. वस्तुस्थिती अशी की, मागणी मी एकदाही केली नाही. बाळ त्यांनी लगेच माझ्या छातीवर ठेवले होते. मी भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाले, "नको. घेऊन जा त्याला."

२. कारण विचाराल तर मला धड सांगता येत नाही. एकोणीस तास कळा सोसल्या. एरवी टेबलावरची टाचणी इकडची तिकडे झालेली मला खपत नाही. तीच मी तिथे सगळ्यांदेखत घाण केली, किंचाळले, आयाबाईंना नाही नाही ते बोलले. लग्नानंतर नऊ वर्षांनी, इतक्या औषधोपचारांनंतर झालेले मूल. बाहेर नवरा आनंदाने रडत होता. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत सुटल्या होत्या. आणि मला त्या बाळाकडे बघून काही म्हणजे काही वाटले नाही. नुसती भीती वाटली. ही कसली आई, असे मनात आले आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले.

३. सिस्टर एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. कक्षात बावीस बाळंतिणी आणि हाताखाली एकच आयाबाई, तरी त्या बाळ आपल्या टेबलाशी घेऊन बसल्या, वाटी-चमच्याने दूध पाजले. दर अर्ध्या तासाने माझ्या खाटेशी येऊन विचारायच्या, "बघताय का जरा?" मी नकारार्थी मान हलवायचे. पाचव्यांदा आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "घरी सांगू नका हो." त्या म्हणाल्या, "होतं असं पुष्कळ जणींना. नाही सांगत." केसपेपरवर 'बाळ आईकडे दिल्याची वेळ' असा रकाना असतो, आणि उशीर झाल्यास शेजारी कारण लिहायचे असते. कारणाचा रकाना त्यांनी कोरा सोडला.

४. सात वाजता भेटीची वेळ झाली. सासूबाईंना बाळ सिस्टरांच्या टेबलाशी दिसले. "अगं, हा तिकडे कसा?" त्यांनी विचारले. माझ्या तोंडून निघून गेले, "त्या देतच नाहीत." सिस्टर चार पावलांवर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सासूबाईंना म्हणाल्या, "राहूनच गेलं हो माझ्याकडून." मग काय, घरचे खवळले. सासूबाईंनी बाळ आणून माझ्या कुशीत ठेवले आणि साडेसातला मी केसपेपरच्या वेळेच्या रकान्यात सही केली. घरी गेल्यावर तक्रार करायचे ठरले, तेव्हा लिहिणारी मीच. 'कडक कारवाई' या शब्दांखाली रेघही मीच ओढली. आपल्या चौकशीतही सिस्टरांनी "राहून गेले" एवढेच लिहून दिले, असे कळते. मला दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि कोरा रकाना त्यांच्यावर शेकला.

५. परवा बाळाला लस टोचायला आणले होते. (आता मी त्याला घटकाभर खाली ठेवत नाही. हे सांगायचीही लाज वाटते.) तळमजल्यावर, कपड्यांच्या खोलीत सिस्टर धुतलेल्या चादरी मोजत होत्या. एकवीस वर्षे बाळंतपणे केलेली बाई! मी जिन्याआड होऊ बघत होते, तर त्यांनीच हाक मारली, "अकरा नंबर! पितोय का आता नीट?" मी "हो" म्हणाले आणि तिथून पळाले. माफीचा एक शब्द निघाला नाही.

तरी विनंती की, माझी तक्रार रद्द करून सिस्टरांना प्रसूती कक्षात परत घ्यावे. केसपेपरवरील कोऱ्या रकान्यात 'आईने घेण्यास नकार दिला' असे नोंदवावे. सही करायला मी येईन. खोटी तक्रार करणाऱ्या रुग्णावर कोणती कारवाई होते, तो नियम मी पुष्कळ शोधला. सापडला नाही. नसल्यास नवीन करावा, मसुदा मी देईन आणि पहिली कारवाई माझ्यावर करावी.

शेवटची विनंती. आपले उत्तर माझ्या कार्यालयात पाठवू नये. तिथले टपाल मीच फोडते आणि मी ते दाबून टाकीन, माझा मला भरवसा नाही. कृपया घरच्या पत्त्यावर पाठवावे. घरचे टपाल सासूबाई फोडतात आणि सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवतात.

मला तोंडाने सांगणे जमत नाही, साहेब.

आपली, मान खाली घालून,
(सही)
खाट क्रमांक अकरा
दिनांक : सोळा, चालू महिना