अठ्ठावीस दिवस वेगळं

४ मार्च

पोचलो एकदाचा नोकरीवर! ताईच्या स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपणारा तिचा ढब्ब्या आजपासून स्वतंत्र खोलीचा धनी झाला. खोली घराच्या मागच्या अंगाला. पलंग, टेबल, भिंतीला टेकवलेलं जड कपाट आणि एका भिंतीत मोठी काच. काचेपलीकडे दिवाणखाना, आणि त्यात ती टाकी. भिंतभर. मासे आणि टाक्यांच्या दुकानात मी वीस वर्षं काढली, पण घरात एवढा समुद्र कुणी आणून ठेवलेला पाहिला नव्हता. आ वासला तो बराच वेळ मिटेना.

मालकीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. एकट्याच राहतात. बोलणं फार गोड. दारातच त्यांनी माझा फोन, किल्ल्या, पट्टा, धातूचं सगळं काढून घेतलं. त्यांचंही बरोबरच आहे. तांबं म्हणजे टाकीतल्या प्रवाळाला विष, जरासं गेलं तरी अख्खी टाकी मरते. ताईनं दिलेलं तांब्याचं कडं मात्र मी मोज्यात लपवलं. सांधेदुखीवर म्हणून तिनं एक माझ्या हातात घातलं, एक स्वतःच्या. तिचं तर आता हात सुजल्यामुळे निघतही नाही. माझं हरवलं असं कळलं तर कान पिळेल.

आणखी एका नियमाचं हसू आलं. टाकीत नवं काही सोडायचं तर आधी अठ्ठावीस दिवस वेगळं ठेवायचं, कीड नाही ना ते बघायचं. हे आम्हीही करायचो. पण बाई तो नियम माणसांनाही लावतात! अठ्ठावीस दिवस मी या खोलीत आणि टाकीमागच्या बोळात, दिवाणखान्यात पाय टाकायचा नाही. म्हटलं, चालेल. मला कुठे पोहायचंय?

६ मार्च

टाकीची दशा वाईट आहे. वाळूवर तपकिरी साय, खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ, आणि फटीफटीतून काचफुलं, फुलासारखे दिसणारे चिवट समुद्रजीव. दिसायला नाजूक, पारदर्शक, पण महा डांबरट. एक कापलं तर तुकड्यातुकड्यातून दहा उगवतात. म्हणून कापायचं नाही, सिरिंजनं एकेकाच्या तोंडात लिंबाचा रस सोडायचा. आज त्रेसष्ट मारली. पाठीचा पार खुळखुळा झाला.

शेवाळ सगळ्यात जास्त आहे ते डाव्या कोपऱ्यातल्या उंच खडकावर. गुडघे पोटाशी घेऊन कुणी बसावं तसा त्याचा आकार आहे.

९ मार्च

बाई रोज सकाळी माझी तपासणी करतात. नखं, कानामागे, दात, जिभेखाली. घोडा विकत घेताना बघतात तसं. खूश होत्या. म्हणाल्या, माझ्या अंगावर काही नाही, स्वच्छ आहे मी. जेवण वेळेवर, पाण्याचा जग दोन वेळा भरून दाराशी. लहानपणापासून माझी एवढी बडदास्त कुणी ठेवली नव्हती.

ताईला पत्र लिहिलं. भावजी गेल्यापासून ती एकटीच आहे. बाईंना विचारलं, तिला इथे आणू का, घरकामात तिचा हात धरणारं कुणी नाही. त्या लगेच हो म्हणाल्या. पत्र टाकायला घेऊनही गेल्या. ताईनं मला वाढवलं, आता तिनं माझ्याकडे बसून खावं, एवढीच माझी इच्छा आहे. अर्थात ती बसणार नाही. कुठल्याही खोलीत शिरली की आधी कपाट ओढून मागची धूळ काढते.

१३ मार्च

ताईची आठवण आली म्हणून मीही कपाट ओढलं. मागे भिंतीवर पेन्सिलीच्या नऊ रेघा. खाली वाकडंतिकडं लिहिलंय: पाणी खारट आहे.

आधीच्या माणसाचं काम असणार. दाराशी ठेवलेल्या जगमधलं पाणी मुद्दाम चाखून पाहिलं. छान आहे. काही लोकांना तक्रारीची सवयच असते.

१७ मार्च

मारली त्याच्या दुप्पट काचफुलं आली आहेत. सगळी डाव्या कोपऱ्यात, त्या उंच खडकावर. बोळातल्या शिडीवरून वाकून ब्रशनं शेवाळ काढत होतो. खाली काहीतरी गोल लागलं. शर्टाचं बटण. ओढलं तर निघेना, कापडासकट खडकात रुतलंय.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधीचा माणूस. त्याला नवव्या दिवशीच आत सोडलं, घाई झाली, आणि त्याच्याबरोबर सगळी कीड आत आली. तेव्हापासून हे चाललंय. या वेळी मात्र घाई करणार नाही.

मी मान हलवली आणि कामाला लागलो.

२० मार्च

डाव्या कोपऱ्याकडे जायला नको वाटतं. पंप बंद केला तरी त्या खडकातून बुडबुडे येतात. थांबून थांबून. मी मोजले. माझ्या श्वासाबरोबर येतात.

२३ मार्च

टाकीतलं पाणी उडून कमी झालं की गोडं पाणी भरतात, त्याचा पिंप बोळात आहे. आज घामाघूम झालो म्हणून त्यातलं ओंजळभर प्यालो. भडाभडा ओकलो. कडू जहर लागलं. मग खोलीतला पाण्याचा जग तोंडाला लावला तेव्हा जिवात जीव आला.

मग समजलं.

नवा मासा आणला की त्याला एकदम टाकीत सोडत नाहीत. पिशवीत ठेवून टाकीचं पाणी नळीनं थेंब थेंब त्यात सोडतात. हळूहळू दिलं की त्याला कळतही नाही. हे काम मी वीस वर्षं केलंय. हजारो वेळा.

२४ मार्च

पाण्याच्या जगच्या तळाशी टाकीतल्या वाळूचे कण. दाराला बाहेरून कडी. बोळाचं दार तेवढं उघडं, आणि बोळ टाकीपाशीच संपतो.

ताईला दुसरं पत्र लिहिलं, येऊ नकोस म्हणून. पण टाकणार कोण? बाईच ना.

२५ मार्च

कडं टाकीत टाकायचं ठरवलं. टाकी मेली की सगळं संपेल. शिडीवर चढलो, कडं हातात घेतलं, आणि खाली पाहिलं. डाव्या कोपऱ्यातल्या खडकावर, शेवाळाखाली एक डोळा उघडला. माझ्याकडे बघत होता. जिवंत आहे तो. ओठ हलत होते, आणि तोंडातून काचफूल बाहेर येत होतं.

कसं टाकू? माणूस आहे तो. हात पुढे जाईना. भ्याड आहे मी.

२६ मार्च

तपासणीत बाईंनी मोजे काढायला लावले. कडं सापडलं. रागावल्या नाहीत. रुमालात गुंडाळून घेऊन गेल्या. काल टाकलं असतं तर —

२८ मार्च

ताईची चिठ्ठी. बाईंनी काचेला लावून दाखवली. एकतीसला पोचते. ढब्ब्या, एवढी चांगली माणसं भेटली, नशीब काढलंस, असं लिहिलंय. बाई म्हणाल्या, जोडी असली की दोघंही चांगली रुळतात.

पाण्याच्या जगला दिवसभर शिवलो नाही. संध्याकाळी अंग फाटायला लागलं. प्यालो. सगळा प्यालो.

३० मार्च

आवाज गेला. ओरडायला तोंड उघडलं की पाणी येतं. बोटं एकमेकांना चिकटतात. टाकीचा उजवा कोपरा बाईंनी रिकामा केलाय. दोन जागा.

३१ मार्च

पडदा ओढलाय. पलीकडून ताईचा आवाज. खरंच तिचाच. मी कुठे आहे विचारतेय. मी काच बडवली. बाई सांगतायत, आजारी आहे, उद्या भेटेल. आज तिनं याच खोलीत राहायचं. कडं काढायला सांगितलं. ताई म्हणाली, निघत नाही. उद्या कापून काढू म्हणाल्या.

म्हणजे आजचा दिवस कडं तिच्या हातात आहे.

मला न्यायला येतायत. वही कपाटामागे टाकतो. ताई, तू झाडल्याशिवाय राहणार नाहीस. मला माहीत आहे.

पाणी पिऊ नकोस. एक घोटही नाही. साबण, तेल, काही लाव, कातडी सोलली तरी चालेल, पण कडं काढ. बोळात शिडी आहे. टाकीत टाक.

खाली बघू नकोस. मी बघितलं, आणि माझा हात थांबला. उजव्या कोपऱ्यात मी असेन. डोळे उघडे असतील. तुला हाक मारतोय असं वाटेल. तरी टाक. ताई, मी आत असलो तरी टा