तुलारामच्या वाट्याची मासळी

॥ श्री ॥

ढिवरटोली, पो. अड्याळ
ता. १८ जानेवारी १९८३

तीर्थरूप तुलारामदादास,
धाकट्या सुलोचनाचा शि. सा. न. वि. वि.

कंडक्टरच्या हाती हे पत्र आणि पिशवी पाठवते आहे. संक्रांतीआधी तलावात मोठं जाळं ओढलं. ठेकेदार भैय्यालालनं रोहू-कतला उचलून नेल्यावर जे उरलं त्याचे टोलीत वाटे पडले, त्यातला हा तुझा. तू पोलिसात जाऊन सतरा वर्षं झाली, तरी अजून तुझं नाव घेऊन एक ढीग लागतो. झिंगे वाळवून पाठवले आहेत. वहिनीला सांग, तव्यावर कोरडेच भाजावे. मागच्या वेळी तिनं म्हणे पाण्यात भिजत घातले होते! शहरातल्या बाईला झिंगे कळत नाहीत हे मी तुझ्या लग्नातच म्हटलं होतं.

आता मुख्य गोष्ट, आणि रागावू नकोस. मी ग्रामपंचायतीचा फॉर्म भरला आहे. आपल्या वॉर्डात समोर खुद्द सरपंच केशवराव आहेत. तलावाचा ठेका पंचायत देते आणि दर वेळी तो केशवरावांच्या भैय्यालाललाच जातो. तलाव आपल्या दाराशी, आणि त्यात आपणच मजूर. पंचायतीत टोलीचं एक तरी माणूस बसलं तर ठेका आपल्या मच्छीमार सोसायटीला मागता येईल. शिकलेलं कोण, तर सातवी पास मी एकटी. वॉर्डात टोलीची मतं एकशे बारा, गावातली सत्तर. टोली एक राहिली तर केशवराव पडतात, एवढा सरळ हिशेब आहे.

परवा भैय्यालाल येऊन यांना सांगून गेला, बायकोले समजाव, फॉर्म वापस घे म्हणा. काल सकाळी नत्थूचं जाळं तलावाच्या बांधावर, पाळीवर सापडलं, विळ्यानं बारीक तुकडे केलेलं. माझ्या फॉर्मवर सूचक म्हणून नत्थूची सही आहे. टोली घाबरली आहे. माय म्हणते, आपला तुलाराम पोलिसात असून आपल्याले भेव कायचा? मी मात्र रात्रंदिवस विचार करते आहे. माघार घेऊ की उभी राहू, ते तूच सांग.

लोभ आहेच, अशा वेळी थोडा जास्त असावा.
तुझी, सुलोचना


पोलीस लाइन, भंडारा
ता. २४ जानेवारी १९८३

चि. सौ. सुलोचनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

झिंगे पोचले. वहिनीनं या खेपेला कोरडेच भाजले, पण खिडकी उघडायची विसरली. वासानं लाइनीतले चार हवालदार भाकरी घेऊनच दाराशी आले.

तुझं वाचून आधी हबकलो आणि मग छाती फुगली. आपल्या बापानं जन्मभर पंचायतीच्या पायरीखाली उभं राहून जोहार केला, आणि त्याची पोरगी आत बसणार. माघार मुळीच घेऊ नकोस. परवाच परेडवर मोठ्या साहेबांनी तासभर भाषण दिलं. उमेदवाराला धमकावणं हा गुन्हा आहे, आपल्या निवडणुकांत परकीय हात शिरू पाहतो आहे, डोळे उघडे ठेवा म्हणाले. आपल्या तलावात कोणता परदेशी शिरणार ते मला समजलं नाही, पण डोळे मी उघडे ठेवीन.

तू ठाण्यात संरक्षणाचा लेखी अर्ज दे. मी इकडे ड्यूट्या लावणाऱ्या हेडमोहररच्या मागं लागून तुमच्याच गावचा बंदोबस्त मागून घेतो आहे. खरं तर स्वतःच्या गावात ड्यूटी देत नाहीत, पण माझ्या कागदांत पत्ता पोलीस लाइनचा आहे, टोलीचं नाव कुठेच नाही. टोलीला बिनधास्त सांग, तुलाराम बंदूक घेऊन येतो आहे, कोणी भिऊ नका. आणि केवळरामला म्हणावं, घरजावई झालास म्हणून बायकोच्या पदरामागं लपू नकोस.

मायला दंडवत. आशीर्वादात कमी पडणार नाही.
तुझा दादा, तुलाराम


ढिवरटोली
ता. १ फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी देवळासमोर सगळ्या टोलीला वाचून दाखवलं. लोकांनी पुन्हा वाचायला लावलं, म्हणून दोनदा. बंदुकीचं वाक्य तर नत्थूनं तिसऱ्यांदा ऐकलं आणि म्हणाला, आता जाळं गेलं तरी चालते, पोरगा आपला येऊन राहिला. कालपर्यंत माझ्या दारावरून मान खाली घालून जाणारे लोक आज अंगणात बसून बिड्या ओढतात.

अर्ज देऊन आले. ठाणेदारांनी घेतला, वाचला नाही, चहाच्या कपाखाली ठेवला. तू येतोस म्हटल्यावर मला त्याचं काही वाटलं नाही. यांनी मात्र नाट लावलाच. सरकारची बंदूक ज्याच्या घरी जेवते त्याची होते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला माझ्या भावाचा हेवा वाटतो. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

मायनं तुझी खाट उन्हात टाकली आहे आणि रोज तिच्यावरची धूळ झटकते. माघारीची तारीख काल गेली. आता मागं फिरायला वाट नाही, तेव्हा लवकर ये.

तुझ्या भरवशावर उभी असलेली,
सुलोचना


गावातूनच
ता. १० फेब्रुवारी १९८३

चि. सुलोचनास,
आशीर्वाद.

हे पत्र सत्यभामाबाईच्या हाती देतो आहे. ती केशवरावांकडे भांडी घासते. मी काल दुपारपासून गावातच आहे, तलावाच्या या काठाला, केशवरावांच्या ओसरीवर. मला त्यांचा बॉडीगार्ड म्हणून पाठवलं आहे. तुझा अर्ज पोचायच्या आठ दिवस आधीच त्यांचा अर्ज वरपर्यंत पोचला होता, की ढिवर लोकांकडून आपल्या जिवाला धोका आहे. त्यात तुझं नाव आहे. हुकूम हातात पडला तेव्हा सही केली आणि निघालो.

काल संध्याकाळी ते टोलीत आले तेव्हा मी सोबत होतो. तू अड्याळच्या बाजाराला गेली होतीस असं कळलं. शांतपणे बोलणं झालं. कोणी कोणावर हात उचलला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. तुला कोणी वेगळं काही सांगितलं तर मनावर घेऊ नकोस.

ओसरीवर येऊ नकोस. मायला सांग, जेवण वेळेवर मिळतं.
तुलाराम


ढिवरटोली
ता. ११ फेब्रुवारी १९८३

दादास नमस्कार.

पाळीवरून चालत यायला दहा मिनिटं लागतात, आणि आपण एकमेकांना पत्रं लिहितो आहोत.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. जे लिहिलं नाहीस ते मायनं सांगितलं. केशवरावांनी मोठं जाळं मागवलं, देवळासमोर पसरायला लावलं आणि मत आपल्यालाच देऊ असा शब्द त्याच्यावर मागितला. जाळ्यावर हात ठेवून दिलेला शब्द टोलीत कोणी मोडत नाही, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. त्यांना कोणी सांगितलं? एकानंही हात पुढे केला नाही, एवढा वेळ टोली टिकली. तेव्हा ते म्हणाले, तुलाराम, जरा समोर ये गा. आणि तू आलास. खांद्यावरची बंदूक हातात घेऊन जाळ्याजवळ उभा राहिलास. मग ते म्हणाले, तुमचाच पोरगा साक्षीले हाय, मंग काहून भेता? पहिला हात नत्थूचा पडला. मग एकेक करत सगळ्यांचे. शेवटी यांचा. माझ्या नवऱ्याचा हात, दादा, माझ्या भावासमोर! तेव्हापासून ते जेवले नाहीत.

दादा बंदूक घेऊन येतो आहे, असं मीच टोलीला सांगितलं होतं ना? तू बंदूक घेऊन आलास. माझंच सांगणं माझ्या गळ्यात आलं. तुझ्या साहेबांना कळव, इथं परकीय हात कुठे सापडला नाही. जाळ्यावर पडले ते सगळे आपलेच होते.

परवा रविवारी मतदान आहे. मोठ्या जाळ्याला बायकांचा हात लागू देत नाहीत, म्हणून बाया शब्दातून मोकळ्या आहेत, पण त्या नवऱ्यांच्या तोंडाकडे बघून बसल्या आहेत. तू एकच कर. उद्या दिवसाउजेडी, वर्दीतच, मायच्या दारी ये आणि उभ्या उभ्या घोटभर पाणी पिऊन जा. तू कोणाचा आहेस एवढं टोलीला दिसलं तरी पुष्कळ. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही.

वाट बघते.
सुलोचना


पोलीस लाइन, भंडारा
ता. २२ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. सुलोचनास,
अ. आ.

मतदान शांततेत पार पडलं. साहेबांनी मला शाबासकीचा कागद दिला. उमेदवाराच्या जिवाचं चोख रक्षण केलं असं त्यात लिहिलं आहे. वहिनी तो काचेत बसवायला निघाली होती, मी पेटीत ठेवायला लावला.

शनिवारी मी निघालो होतो. पाळीच्या अर्ध्यापर्यंत आलो. दारात माय तांब्या घेऊन बसलेली मला दिसली. मागून केशवराव आले. म्हणाले, जा ना, भेटून ये, तिचा भाऊ म्हणूनच तर मी तुला नाव सांगून मागून घेतलं. फक्त तुझा खरा पत्ता साहेबांना कळवावा लागेल. मी परत फिरलो. पत्ता लपवून ड्यूटी मागितली म्हणून नोकरी जाते, सुलोचना. तीन लेकरं आहेत. तू भित्रा म्हणशील, खुशाल म्हण.

जाळ्याचा रिवाज त्यांना कोणी सांगितला, असं तू विचारलं होतंस. आलो त्या दुपारी ओसरीवर जेवताना गोष्ट निघाली आणि मीच सांगितला. आपली टोली शब्दाची किती पक्की आहे, ते मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही.

मायला माझा नमस्कार सांगशील का?
तुलाराम


ढिवरटोली
ता. १६ मे १९८३

तीर्थरूप दादास नमस्कार.

तुझ्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नाही. आज पिशवी पाठवायची आहे म्हणून लिहिते.

मला सहा मतं पडली. एक माझं, एक मायचं, बाकीच्या चार बाया कोण हे मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. यांचं मत त्यात नाही. शब्द दिला होता, पाळला. मी त्यांना काही बोलले नाही, बोलायला तोंड कुठे आहे? नत्थूला केशवरावांनी नवं जाळं घेऊन दिलं. तो मला पाहून वाट बदलतो. ठेका पुन्हा तीन वर्षांसाठी भैय्यालालला गेला.

परवा तलावातलं पाणी उतरलं म्हणून मोठं जाळं ओढलं. सगळ्यांबरोबर मीही टोपली घेऊन पाळीवर उभी होते. वाटे पडले, नावं घेतली गेली. आमच्या घराचं नाव आलंच नाही. यांनी विचारलं तर कोणी वर पाहिलं नाही. भैय्यालाल तिथंच झाडाखाली बसला होता. दिवसभर गळाभर पाण्यात जाळं ओढून हे रिकाम्या हातानं घरी आले.

तुझं नाव मात्र दोनदा घेतलं. मला वाटलं मोजण्यात चुकले. मी एक ढीग परत करायला गेले, तर शेजारच्या बायाबाईनं माझा हात धरला आणि हळूच सांगितलं, राहू दे बाई, एक आपला पोरगा म्हणून हाय, अन् एक त्याले राग येऊ नये म्हणून.

दोन्ही वाटे वाळवले आणि दोन फडक्यांत वेगवेगळे बांधले. कोणता कशाचा, ते तूच ओळख. मला तर दोन्हींचा वास सारखाच आला. घरात त्या दिवशी भात आणि मीठ होतं. मी मायला म्हटलं, यातले मूठभर ठेवू का? ती म्हणाली, पोराचा हाय, पोराले पाठव, आपल्याले तो वाटा पचणार नाही. वहिनीला सांग, कोरडेच भाजावे.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. आमच्याकडे होता तेवढा या पिशवीत घातला आहे.

सुलोचना