साराटोगानंतर न परतलेले

प्रिय प्रणव,

हल्ली फोनवर आपण हवा, जेवण आणि अण्णांची औषधं यापलीकडे जातच नाही, म्हणून आज कागद घेतला. अक्षराला हसू नकोस, ते होतं तसंच आहे.

वरच्या मजल्यावरच्या नंदिनीची अन्वी शाळेत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर बोलणार आहे, तिची तयारी माझ्याकडे आली. मी तिला आपल्या शाळेतल्यासारखंच बसवलं. आधी कारणे, मग घटना, मग परिणाम. फ्रेंचांशी झालेल्या लढाईचा खर्च, तो भरून काढायला वसाहतींवर लादलेले कर, पार्लमेंटात त्यांचा एकही माणूस नाही, आणि शेवटी बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा. तू असतास तर म्हणाला असतास, चहा समुद्रात टाकणाऱ्यांशी वसुधाचं जन्मात जमलं नसतं. पोरगी मराठीत सगळं ऐकते आणि उत्तरं जर्मनमध्ये देते.

गंमत म्हणजे त्या युद्धात आपलं हे जर्मनीतलं ब्राउनश्वाइग शहरही होतं. इंग्लंडच्या राजाला सैनिक कमी पडले आणि इथल्या ड्यूकने पैसे घेऊन आपले दिले. त्या चहाशी काडीचा संबंध नसलेली माणसं समुद्रापार गेली. साराटोगाच्या लढाईत इंग्रज सेनापती शरण आला, फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला आणि युद्धाचं पारडं फिरलं. पुस्तकात तिथे धडा पुढे सरकतो. ही माणसं मात्र कैदेत पडली. त्यांना मायदेशी सोडायचं ठरलं होतं, ते पाळलं गेलं नाही. युद्ध संपल्यावर गेलेल्यांतले निम्मेसुद्धा परतले नाहीत. बरेच मेले, आणि कित्येक तिकडेच रमले, संसार थाटून बसले.

अन्वीने विचारलं, त्यांच्या इथल्या बायकांना कुणी कळवलं का? ती गेल्यावर ओकर नदीच्या काठाने एकटीच फिरून आले. प्रणव, मला तुझी फार आठवण येते. भाजी चिरताना येते, ट्राममध्ये येते, तुझ्या बाजूची उशी झटकताना तर रोज येते.

अण्णांना झटका आला तेव्हा तू पुण्याला धावलास, ते योग्यच होतं. सासऱ्यांच्या आजारपणात नवऱ्याला परत बोलावणारी सून व्हायचं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. पण परवा अण्णाच कौतुकाने सांगत होते, की ते आता एकटे बागेत जातात आणि तू पुण्याच्या नव्या ऑफिसात छान रुळला आहेस. कैदेत पडलेल्यांवर माझा राग नाही. सुटल्यावर जे थांबले, त्यांनी तेवढं कळवायला हवं होतं.

आज बिल्डिंगची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर आला होता. खालच्या दारावर बेलशेजारी नावांच्या नव्या पाट्या बसवताहेत. पाटीवर नाव नसेल तर इथे पत्रही येत नाही, तुला ठाऊकच आहे. त्याने विचारलं, तुमच्या पाटीवर दोन नावं की एक? महिनाअखेर सांगते म्हटलं. ‘बघू’, ‘लवकरच’ असलं काही नको. येणार असशील तर ये. नसशील तर तसं स्पष्ट लिही. मी दोन्ही नावं काढायला सांगून तिकडे येईन, पण तू बोलावलंस तरच.

पाटीवर काहीही लागलं तरी तुझीच,
वसुधा