सतरा वर्षांखालील इतिहास

५ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून पुस्तक. 'दक्षिण आशियाई मुलींची सतरा वर्षांखालील फुटबॉल स्पर्धा : एक चिकित्सक इतिहास.' राजरत्न सोनिवलीच्या मैदानावर मुलींना शिकवतो. क्लबच्या कार्यक्रमात वाचायला त्याने एक पान मागितलं होतं. एका पानात इतिहास मावत नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, बाई, मग दोन पानं. रोज पाच लिहायची. साठ दिवसांत तीनशे.

८ जानेवारी
पानं : शून्य. दोष स्पर्धेचा. आधी पंधरा वर्षांखालील, मग सतरा, मग सोळा, परत सतरा. माझ्या शाळेत हे चाललं नसतं. ह्यांनी विचारलं, ऑफसाइड म्हणजे काय ते कळलं का. इतिहासकाराला खेळ यावा लागत नाही.

१२ जानेवारी
मैदानावर गेले. गोलकीपर बाळी. बारवीकडच्या पाड्यावरची, माझीच विद्यार्थिनी. पहिलीत नाव मीच घातलं. ताडमाड वाढली आहे. २५ तारखेला सतरा वर्षांखालील संघाची निवड चाचणी. राजरत्न म्हणाला, ही पोरगी एक दिवस तुमच्या त्या स्पर्धेत खेळेल. शेवटच्या प्रकरणाची सोय झाली.

१५ जानेवारी, दुपारी
एका बैठकीत चार पानं! प्रकरण पहिलं : 'वयचोरी, एक कीड'. खोटे दाखले आणणारे पालक, ते देणारे मास्तर, सगळ्यांना झोडपलं. ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकत होते.

१७ जानेवारी, सकाळी ११.४०
राजरत्नचा फोन. बाळी बाद. १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचा जन्म हवा. तिच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून २००८. आई द्रौपदी म्हणते, पोर एवढी मोठी नाही. पण बाळंतपण घरी झालं, दुसरा कागद नाही. आधार कार्डही दाखल्यावरूनच काढलेलं. राजरत्न विचारत होता, ही तारीख लिहिली कोणी. मी म्हणाले, चौकशी झालीच पाहिजे.

दुपारी ४
मी.
पण परिस्थिती समजून घ्यायला हवी. पट घसरला होता, शाळा बंद होणार होती. पाड्यावर जाऊन चालती-बोलती अकरा पोरं आणली आणि सगळ्यांना सहा वर्षांचं केलं. सरसकट एक जून. ह्याला चोरी म्हणत नाहीत. प्रशासन म्हणतात.

१९ जानेवारी
राजरत्नला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, हे लिहून द्या." दोन ओळींचं काम. उद्या देते.

२२ जानेवारी
निवेदनाचा सातवा मसुदा, अकरा पानं. पटसंख्येचं धोरण, पाड्याचा भूगोल, माझी एकतीस वर्षांची सेवा. तारीख मी अंदाजाने लिहिली, हे वाक्य अजून यायचं आहे. ह्यांनी ते एका ओळीत लिहून टेबलावर ठेवलं. अजिबात शैली नाही.

२३ जानेवारी
ह्यांचीच ओळ, खाली माझी सही. द्रौपदी आणि बाळीसोबत शिक्षण खात्याच्या ऑफिसात. क्लार्क म्हणाला, चूक कळली, खरी तारीख सांगा. द्रौपदी म्हणाली, "भात झोडत होतो. मी खळ्यावरनं उठून घरात गेले, तवा झाली." साल आठवत होतं, २००९. क्लार्कला तारीखच हवी होती. मी तत्परतेने सांगितलं, एक डिसेंबर.
बाळीने माझ्याकडे पाहिलं. "बाई, परत अंदाजानीच?"
क्लार्कने पेन खाली ठेवलं. पुरावा आणा, मग बघू. दोन-तीन महिने लागतील.

२५ जानेवारी
चाचणी. बाळीच्या जागी दुसरी मुलगी. बाळी गोलमागे उभी राहून तिला ओरडून बाजू सांगत होती. त्या मुलीने चार बॉल अडवले, तिची निवड झाली. बाळीने जोरात टाळ्या वाजवल्या. राजरत्न माझ्याकडे आला नाही.
मी बाळीला म्हणाले, कागद होईल, पुढच्या चाचणीला तू. ती हातमोजे काढत होती.
"बाई, जूनमध्ये मी कागदावर अठराची होईन. खरी सोळाचीच." मग तिने विचारलं, तवर कुठल्या टीममध्ये खेळू.